एकशे बारा मिनिटं

पंपवाल्यांना बायकोचा हेवा वाटायचा. असं वाक्य कुठल्याही नवऱ्याबद्दल चारचौघांत म्हणू नये, आणि त्यांना तोंडावर विचारलं असतं तर त्यांनीही कानांवर हात ठेवले असते. पण खरं ते खरं. चोवीस वर्षं दोघांनी एकाच हॉस्पिटलात नोकरी केली आणि त्यातली निदान वीस वर्षं हा माणूस आतल्या आत जळत होता.

हॉस्पिटल लहान मुलांच्या हृदयाचं. जन्मतःच कुणाच्या हृदयाला भोक असतं, कुणाची झडप उघडत नाही, कुणाच्या रक्तवाहिन्या भलतीकडेच जोडलेल्या असतात, अशी मुलं तिथं येत आणि मोठे डॉक्टर छाती उघडून ते सगळं दुरुस्त करत. पण धडधडत्या हृदयाच्या आत टाके कसे घालणार? ते काही वेळ थांबवावं लागतं, रिकामं करावं लागतं. तेवढ्या वेळात अंगातलं रक्त नळ्यांमधून बाहेर एका यंत्रात येतं, तिथं त्याला प्राणवायू मिळतो आणि ते परत अंगात जातं. त्या यंत्राला सगळे पंप म्हणत, आणि ते चालवणारे म्हणून हे पंपवाले. टेबलाशेजारी स्टुलावर बसून, एक डोळा नळ्यांवर आणि एक डोळा आकड्यांवर ठेवून ते तास-दोन तास त्या मुलाचं हृदय होऊन राहत.

आणि हे माहीत कुणाला? कुणालाच नाही. मूल भूल लागून आत आलं की यांचं काम सुरू व्हायचं, आणि ते शुद्धीवर यायच्या आधी संपलेलं असायचं. मुलाचे डोळे उघडायचे ते वरच्या मजल्यावर, आयसीयूत. आणि उघडल्यावर समोर पहिलं दिसायचं कोण? तर यांची बायको. सिस्टर. झालं! मूल तिचं, आईबाप तिचे, मिठ्या तिला, पत्रं तिला. मोठ्या डॉक्टरांचा हेवा करायची पंपवाल्यांची प्राज्ञा नव्हती; तिथं सगळा मामला बोटांतल्या कसबाचा होता. पण बायको? 'आयत्या बिळावर नागोबा,' असं ते एकदा पुटपुटले होते. बायकोला ऐकू गेलं. पुढचे दोन दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

एकदा भाजी बाजारात एक मिशी फुटलेला उंच मुलगा सिस्टरांच्या गळ्यातच पडला. "सिस्टर, ओळखलंत?" सिस्टरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओरडल्या, "अरे, सात नंबर!" सिस्टर मुलांना खाटेच्या नंबरानंच लक्षात ठेवत. मग रडणं झालं, हसणं झालं. पंपवाले कांद्याची पिशवी धरून उभे. "आणि हे?" मुलानं विचारलं. "हे आमचे मिस्टर." मुलानं अदबीनं मान लवली, आपला मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "काका, आमचा दोघांचा एक फोटो काढता का?" याच्यासाठी आपण चौऱ्याण्णव मिनिटं पंप चालवला होता हे पंपवाल्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी फोटो काढला. त्यात मुलाचं अर्धं डोकं उडालं, आणि ते मुद्दाम उडवलं नव्हतं असं शपथेवर सांगता यायचं नाही.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती आणि ती अंगात इतकी मुरली होती की घरीही सुटत नसे. डॉक्टर जे सांगतील ते शब्दन् शब्द परत म्हणायचं, मगच हात हलवायचा. "पंप सुरू." "पंप सुरू." "रक्त थंड करा, अठ्ठावीस अंशांपर्यंत." "रक्त थंड करतो, अठ्ठावीस अंशांपर्यंत." म्हणजे ऐकण्यात घोटाळा राहत नाही. घरी बायको म्हणायची, "येताना दूध आणा." हे म्हणायचे, "येताना दूध आणतो." "अर्धा लिटर." "अर्धा लिटर." "अहो, मी काय मोठे डॉक्टर आहे?" ती वैतागायची. दुसरी सवय टिचक्यांची. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी मुलाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून यंत्र भरताना प्रत्येक नळीला टिचक्या मारून बुडबुडे वर काढायचे. हे गृहस्थ कुंड्यांना पाणी घालतानाही पाइपला टिचक्या मारत, आणि शेजारी कुंपणावरून बघून आपल्या बायकोला ते दाखवायला आत बोलवायला जात.

सिस्टरांना येणाऱ्या पत्रांत सगळ्यांत नेमानं येणारं पत्र चार नंबरचं. ही मुलगी चार महिन्यांची असताना आली तेव्हा तिचे ओठ शाई सांडल्यासारखे निळे होते. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी वाट जन्मतःच बंद. मोठ्या डॉक्टरांनी तिथं एक नळी बसवली. खाट चार नंबरची, म्हणून ती चार नंबर, आणि पुढे तिच्या घरच्यांनीही कौतुकानं तेच नाव उचललं. दरवर्षी पत्र यायचं, 'तुमची चार नंबर'. आधी आईच्या अक्षरात, मग तिच्या स्वतःच्या. शेवटची ओळ ठरलेली: 'मोठ्या डॉक्टरांना आणि सगळ्या सिस्टरांना नमस्कार. तुमच्या मिस्टरांनाही.'

"मिस्टरांनाही!" पंपवाले चष्मा पुसत म्हणत. "मिस्टरांना म्हणा ना सरळ. हा 'ही' कशाला?"

"निदान आठवण तरी काढते," सिस्टर म्हणत आणि पत्र कपाटात ठेवत. कपाटाच्या दाराला आतून मुलांचे फोटोच फोटो चिकटवलेले. पंपवाल्यांना आपला सदरा काढायला रोज ते दार उघडावं लागे.

नळी काही वाढत नाही, मूल वाढतं. अकरा वर्षांची झाल्यावर चार नंबरला ती नळी अपुरी पडायला लागली. एका महिन्यात ती शाळेच्या जिन्यात दोनदा चक्कर येऊन पडली. आता नळी बदलायची होती, आणि आत राहिलेलं एक बारीक भोकही बुजवायचं होतं. मुलगी ऑपरेशनच्या दोन दिवस आधी दाखल झाली.

मोठ्या मुलांची मनाची तयारी करून घेणं हे सिस्टरांचं काम. त्यांच्याकडे एक कापडी बाहुली होती, छातीवर पट्टी आणि अंगाला नळ्या लावलेली. जाग आल्यावर आपण असे दिसू, हे मुलांना आधीच कळावं म्हणून. आणि त्यांचा एक कडक नियम होता: मुलांसमोर हृदय 'थांबवतात' असं कुणी म्हणायचं नाही. हृदय विश्रांती घेतं, म्हणायचं. झाडूवाल्या बाईंपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे हा नियम पाळत. पंपवाल्यांनी तो पाळला किंवा मोडला असं कधी झालंच नव्हतं, कारण जाग्या मुलाशी त्यांची कधी गाठच पडत नसे.

पहिल्या दिवशी ते काही निमित्त काढून वर गेले. काचेतून पाहतात तो चार नंबर सिस्टरांच्या मनगटावर स्वतः विणलेली दोऱ्याची पट्टी बांधत होती. मोठ्या डॉक्टरांसाठी तिनं चित्र आणलं होतं, रंगीत, चौकटीत घातलेलं. खाली येऊन पंपवाल्यांनी कोऱ्या करकरीत नळ्यांना इतक्या टिचक्या मारल्या की मदतनीस म्हणाला, "यात अजून पाणीसुद्धा भरलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर जेवायला गेल्या आणि यांनी डाव साधला. टोपी काढली, उरलेल्या केसांवरून कंगवा फिरवला आणि थेट चार नंबरच्या खाटेशी जाऊन उभे राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"तू चार नंबर ना?"

"हो. तुम्ही कोण?"

"मी सिस्टरांचा..." एवढं म्हणून त्यांनी जीभ चावली. "मी पंप चालवतो."

"पाण्याचा?" मुलीनं विचारलं.

तिनं अगदी सरळ मनानं विचारलं होतं. पण वीस वर्षं साठवलेलं तेवढ्यानं फुटलं. "पाण्याचा नाही! ऑपरेशनच्या वेळी तुझं हृदय थांबवतात ना, पार बंद, तेव्हा तुझं सगळं रक्त माझ्या यंत्रातून फिरतं. मागच्या वेळी एकशे बारा मिनिटं तुझ्या हृदयाचं काम कुणी केलं? मोठ्या डॉक्टरांनी नाही. सिस्टरांनी नाही. मी केलं."

बोलून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. मग त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे... बंद."

"मग तेवढा वेळ मी मेलेली होते?"

हजारभर मुलांची हृदयं पंपवाल्यांनी सांभाळली होती, पण त्यांच्यापैकी एकानंही आजवर त्यांना काही विचारलं नव्हतं. "अगं, तसं नाही..." म्हणेपर्यंत मुलीनं खाटेचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि आईला हाका मारायला सुरुवात केली.

तीन वाजेपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. मुलगी सुई लावू देईना, गोळी घेईना, 'मला घरी जायचंय' याखेरीज बोलेना. आई भिंतीला टेकून रडत होती. मोठे डॉक्टर आले, दोन मिनिटं खाटेशेजारी बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "अशा घाबरलेल्या मुलीला ओढून आत नेणार नाही. हृदय आधीच थकलंय. संध्याकाळपर्यंत हो म्हणाली तर उद्या करू. नाहीतर पुढची तारीख सहा आठवड्यांनी." ती नळी सहा आठवडे टिकेल की नाही, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

सिस्टर पंपाच्या खोलीत आल्या त्या दार आपटूनच. "उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! काय गरज होती?"

"मला वाटलं, तिला माहीत असावं."

"तिला माहीत असावं, की तुमचं माहीत असावं?"

हे वाक्य पंपवाल्यांनी परत म्हटलं नाही.

सिस्टर वर गेल्या. बाहुली घेतली, जवळ घेतलं, गोष्टी सांगितल्या. तासाभरानं परत खाली आल्या त्या वेगळ्याच दिसत होत्या, कुणीतरी भर सभेत अपमान केल्यासारख्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्हाला बोलावलंय."

"मला?"

"मला म्हणाली, सिस्टर, तुम्हाला माहीत होतं ना, बंद करतात ते? मग का नाही सांगितलंत? मी म्हटलं, तू घाबरशील म्हणून. तर म्हणते, त्या काकांनी खरं सांगितलं. मला त्यांनाच विचारायचंय." त्यांनी मनगटावरची दोऱ्याची पट्टी सारखी केली. "जा. आणि कृपा करून विचार करून बोला."

आणि इथं पंपवाल्यांच्या मनात काय यावं? आनंद! शरमेनं मान खाली घालायची वेळ, वर एका पोरीचा जीव टांगणीला, आणि या गृहस्थांना पोटातून गुदगुल्या झाल्या. तिनं मला बोलावलं, हिला नाही. जळलं मेलं ते मन! पण पुढच्याच क्षणी प्रश्न पडला, आता वर जाऊन तिला सांगायचं काय?

ते आधी जुन्या फायलींच्या खोलीत गेले. चार नंबरची अकरा वर्षांपूर्वीची फाइल काढली, तिच्यातला पंपाचा तक्ता घेतला आणि तो हातात धरून जिना चढले.

"बसा ना काका," मुलगी म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

पंपवाल्यांनी तक्ता पांघरुणावर पसरला. "हे तू आहेस. दर पाच मिनिटांनी एक ओळ. रक्त किती फिरलं, दाब किती, अंग किती थंड. हे अक्षर माझं."

मुलीनं एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. "मेलेल्या माणसाचा दाब असतो?"

"नसतो."

"मग मी मेले नव्हते."

"एक मिनिटही नाही. हृदय नुसतं थांबलं होतं. रक्त फिरत होतं."

ती जरा सैल झाली. मग सुरू झाली तिची उलटतपासणी. "तुम्हाला झोप आली तर?"

"चोवीस वर्षांत आली नाही."

"पण आली तर?"

"तर शेजारी दुसरा पंपवाला असतो. तो मला कोपर मारेल."

"लाइट गेली तर?"

"बॅटरी असते. तीही गेली तर यंत्राला हँडल असतं, ते हातानं फिरवायचं. मी एकदा चार मिनिटं फिरवलंय. खांदा आठवडाभर दुखत होता."

"शिंक आली तर? शिंकताना डोळे मिटतात."

"मिटतात," पंपवाल्यांनी कबूल केलं. "तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर बघतात. त्यांच्यासमोरही तेच आकडे असतात. शिवाय यंत्र ओरडतं."

"म्हणजे तुम्ही एकटे नसता."

दुपारी छाती फुगवून 'मी केलं' म्हणालेला माणूस तो. आता मुलीला धीर द्यायचा तर खरंच सांगायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात ते एकटे कुठेच नव्हते. "नाही," ते म्हणाले. "आम्ही आठ जण असतो. एकट्याचं काम नाही ते. दुपारी मी जरा... बढाई मारली."

मुलीचं बोट तक्त्याच्या तळाशी पोचलं होतं. पंप बंद, अकरा वाजून बावन्न. स्वतःचं हृदय सुरू. त्याखाली 'वर सोपवलं' आणि एक सही. "ही कुणाची?"

"सिस्टरांची. तिथून पुढे तू त्यांच्याकडे."

"त्यांनी किती मिनिटं सांभाळलं?"

हा हिशेब पंपवाल्यांनी कधी केलाच नव्हता. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"एकोणीस दिवस," सिस्टर हळूच म्हणाल्या. "अकरा दिवस तुझा श्वास यंत्रावर होता."

एकशे बारा मिनिटं, आणि एकोणीस दिवस. त्या एकोणीस दिवसांत बायको घरी येऊन जेवली होती का, झोपली होती का, हे पंपवाल्यांना आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की त्या महिन्यात आपण तिच्याशी अबोला धरला होता. कशावरून, तेही आठवेना.

मुलीनं तक्त्याची घडी घातली. "हा माझ्याकडे राहू दे. सिस्टर, सुई लावा." आणि मग पंपवाल्यांना म्हणाली, "पण तुम्ही झोपायचं नाही."

"मी झोपायचं नाही," पंपवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. "पंप सुरू." "पंप सुरू." जुनी नळी टणक होऊन आजूबाजूला चिकटली होती, ती सोडवण्यातच बराच वेळ गेला. चाळिसाव्या मिनिटाला पंपवाल्यांच्या नाकात अशी हुळहुळ सुटली की डोळ्यांत पाणी आलं. "शिंकतो आहे," त्यांनी रीतसर जाहीर केलं. "शिंका," भूल देणारे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी आकड्यांवर डोळे लावले. एकशे एकतीस मिनिटांनी मोठे डॉक्टर म्हणाले, "पंप बंद." "पंप बंद," पंपवाले म्हणाले. पडद्यावर तिचं स्वतःचं हृदय बिनचूक चालत होतं. खाली सही करून त्यांनी तक्ता वर पाठवला.

त्यानंतर त्यांनी घरी वाट पाहिली. कशाची, ते सांगायला नको. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "बरी आहे." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "घशातली नळी काढली. बरी आहे."

"काही... बोलली का?"

"घसा दुखतोय तिचा," बायको म्हणाली आणि आत गेली.

संपलं, पंपवाल्यांनी मनाशी म्हटलं. डोळे उघडले, समोर सिस्टर दिसली, आपण परत मिस्टर. चौथ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. दुपारी ते पाइपला टिचक्या मारत कुंड्यांना पाणी घालत होते, तेव्हा बायको सकाळची ड्यूटी संपवून आली. आत न जाता पायरीवरच बसली.

"अहो, एक सांगायचंय. रागावू नका."

"रागावत नाही."

"परवा नळी काढली ना, तेव्हाच तिनं विचारलं होतं. डोळे उघडून पहिलंच. आवाज फुटत नव्हता, तरी. मी म्हटलं, बोलू नकोस, घसा दुखेल. काल परत विचारलं. आज सकाळीही." ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "तुम्हाला सांगणारच होते. पण सांगवेना. अकरा वर्षं पत्रं मला येतात. तोंड पुसायला मी, रात्री उशाशी मी. आणि जाग आल्यावर पहिली चौकशी तुमची! इतका राग आला मला... तुमचाही आणि त्या पोरीचाही. असं कधी झालं नव्हतं हो मला."

पंपवाले बायकोकडे पाहत राहिले. त्या रागाशी त्यांचा वीस वर्षांचा घरोबा होता. तो चेहरा त्यांनी कुठंही ओळखला असता. पाणी कुंडीतून ओसंडून त्यांच्या पायांवर पडत होतं.

"काय विचारलं तिनं?"

"काका झोपले नाहीत ना."

"काका झोपले नाहीत ना," पंपवाल्यांनी शब्दन् शब्द परत म्हटलं. या वेळी बायको वैतागली नाही.

त्यांनी नळ बंद केला, पाय पुसले, आत जाऊन कपाटाचं दार उघडलं आणि फोटोंवरून हात घालून धुतलेला सदरा काढला. बाहेर येऊन गुंड्या लावता लावता म्हणाले, "ऊठ. दोघं जाऊन सांगू तिला."

बायकोनं डोळे पुसले आणि पिशवी उचलली.

"दोघं जाऊन सांगू," ती म्हणाली.